पाण्याचा ण

तिच्या सॅकमध्ये पत्र्याचा एक डबा असायचा. पावाच्या स्लाइसला असतो तसा वरून गोलावा, खाली सरळ, आणि दोन अर्धे एकमेकांत सरकवून बंद करायचे. कोपऱ्यांवरचा मुलामा घासून घासून उडालेला. त्यात ती रसायनशास्त्राची उजळणीची कार्डं ठेवायची, प्रत्येक धड्याच्या गठ्ठ्याला वेगळ्या रंगाचा रबरबँड. डबा बंद करताना पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज व्हायचा आणि मी पाठमोरी असले तरी कोण आलंय ते मला कळायचं.

"मी ग्रँडॅडचा स्नॅप टिन आहे, मिस," तिने पहिल्यांदाच सांगितलं होतं.

उत्तर इंग्लंडमधल्या बार्न्सलीकडे 'माय'चा उच्चार 'मी' होतो. आणि स्नॅप म्हणजे खाणकामगाराने खाली नेलेली शिदोरी. डबा पावाच्या मापाचा अशासाठी, की सँडविच न हलता बसावीत आणि खाणीतल्या उंदरांना दात लावायला फट मिळू नये. तिच्या आजोबांनी तो वीसेक वर्षं कमरेच्या पट्ट्याला अडकवून जमिनीखाली नेला. खाण बंद झाली, डबा राहिला.

मी दक्षिण यॉर्कशरमधल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. सिक्स्थ फॉर्म म्हणजे आपली अकरावी-बारावी. शिकवणारी मी नव्हे. द्रावणं तयार करणं, ब्युरेट धुऊन ठेवणं, आम्लाच्या बाटल्यांची नोंद ठेवणं हे माझं काम. पण मुलं तयारीच्या खोलीत येऊन बसतात, बोलतात. आमच्याकडे शिक्षकांनाही नावाने हाक मारायची पद्धत आहे. ही मात्र शाळेतल्या सवयीने मला शेवटपर्यंत 'मिस'च म्हणत राहिली.

तिचं नाव लिहीत नाही. तिची आई केअर वर्कर, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना उठवणं, अंघोळ घालणं, औषध देणं. वडील घरात नाहीत. ती, आई, धाकटा भाऊ आणि आजोबा असे चौघे काउन्सिलच्या, म्हणजे पालिकेने भाड्याने दिलेल्या, घरात. शुक्रवार-शनिवार संध्याकाळी ती चिप्सच्या दुकानात काम करायची. सोळा ते अठरा वर्षांच्या गरीब मुलांना शिक्षण सुटू नये म्हणून इथे आठवड्याला ३० पौंडांपर्यंत भत्ता मिळायचा. तिच्या मावशीला मिळाला होता. इंग्लंडमध्ये तो २०११ साली बंद झाला; स्कॉटलंड आणि वेल्सने चालू ठेवला. तीस पौंड म्हणजे बसचा पास आणि दुपारचं जेवण. तेवढ्यासाठी ती आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तळणीपुढे उभी असायची, आणि सोमवारीसुद्धा तिच्या केसांना तेलाचा वास यायचा. तो तिला स्वतःला यायचा, ही खरी अडचण होती. कुणी जवळ आलं की ती मान मागे घ्यायची.

तिच्या आजोबांशी माझी ओळख एका ओपन डेला झाली. माझे वडील लालबागच्या गिरणीत साचेखात्यात होते आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप आमच्या घरात कधी संपलाच नाही, हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढून घेतली. त्यांचा संप मार्च १९८४ ते मार्च १९८५. कॉर्टनवुड ही खाण बंद करणार अशी बातमी आली, ती इथूनच जवळ, आणि तिथून तो देशभर पसरला. वर्षाने हरले, तरी बँड वाजवत, झेंडे घेऊन कामावर परतले. नंतर एकेक करून खाणी गेल्या. ग्राइमथॉर्प १९९३ मध्ये, आणि देशातली शेवटची खोल कोळसा खाण, केलिंगली, डिसेंबर २०१५ मध्ये. संपाच्या वर्षी या मुलीची आई आठ वर्षांची होती आणि सूप किचनमध्ये जेवायची. मी दहा वर्षांची होते आणि आमच्या चाळीत रात्री फक्त पेज असायची. आम्ही दोघींनी एकाच दशकात, दोन टोकांना, एकच गोष्ट पाहिली होती: कामावरून परत येणारा बाप दिवसाही घरात दिसायला लागतो.

आजोबांची इंग्रजी माझ्या कानाला आमच्या सातारकडच्या बोलीसारखी लागते. म्हणून त्यांचं बोलणं मी त्याच बोलीत लिहिते; प्रमाण मराठीत ते त्यांचं राहणार नाही. ते म्हणाले, "कोळसा काय संपला न्हाई बाई. त्यो हितंच हाय, खाली. आमालाच वर काढलं आन् भोक बुजवलं."

नातीबद्दल विचारलं तर म्हणाले, "आमी खाली गेलो. आमच्या लेकीनं म्हातारी माणसं उचलली. ह्या पोरीला काय करायचं त्ये करू द्या. पर तिकडं जाऊन आमची भाषा इसरंल का, त्येवडं सांगा."

मला उत्तर देता आलं नाही, कारण मी स्वतः विसरले होते.

'तिकडं' म्हणजे ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज. दोघांपैकी कुठलं ते नकोच. ब्रिटनमध्ये अर्ज निकालानंतर नाही, आधी करायचा असतो. शिक्षक अपेक्षित श्रेणी लिहून देतात, त्या भरवशावर विद्यापीठ 'एवढे गुण पडले तर जागा तुझी' असं कळवतं. जास्तीत जास्त पाच ठिकाणी अर्ज, त्यात ऑक्सफर्ड-केंब्रिजपैकी एकच, आणि त्यांची मुदत इतरांच्या कितीतरी आधी, १५ ऑक्टोबरला. म्हणजे बारावीचं वर्ष सुरू होऊन सहा आठवडे झाले की संपलं. ज्या घरात आई-बाबा, काका, मोठी बहीण कुणीतरी जाऊन आलेलं आहे, तिथे हे वेळापत्रक सांगावं लागत नाही. हिला ते सप्टेंबरात कळलं, तेही भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी व्हरांड्यात अडवून सांगितलं म्हणून.

आधीच्या शाळेत, पंधराव्या वर्षी, कुणीतरी तिला सल्ला दिला होता: जरा वास्तवाला धरून विचार कर, ब्यूटी थेरपीचा कोर्स चांगला असतो, तुझ्यासारख्या मुली तिथे रमतात. तिने मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. "मिस, त्या खरंच प्रेमाने बोलल्या," असं म्हणाली. मला ते जास्त लागलं. ब्यूटी थेरपीत वाईट काही नाही. पण त्या वर्षी विज्ञानात वर्गात पहिली आलेली मुलगी समोर बसलेली असताना, तिचा पत्ता आणि तिचे उच्चार बघून तिच्यासाठी खुर्ची निवडली गेली. तुझ्यासारख्या. हा शब्द मी मराठीतही पुष्कळ ऐकला आहे.

सटन ट्रस्ट ही संस्था या विषयावर अनेक वर्षं काम करते. तिने २०१८ मध्ये एक हिशेब मांडला. २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत फक्त आठ शाळांमधून १,३१० मुलं ऑक्सफर्ड-केंब्रिजला गेली. त्याच काळात दुसऱ्या २,८९४ शाळा-कॉलेजांमधून मिळून गेली १,२२०. मी हे आकडे वाचले आणि कितीतरी दिवस ते डोक्यातून गेले नाहीत. देशातली शेकडा सातेक मुलं खासगी शाळेत जातात, हे माहीत होतं. पण आठ शाळा! या आठ शाळांतल्या मुलांची हुशारी मी नाकारत नाही. पण त्या दुसऱ्या जवळजवळ तीन हजार शाळांत हुशारी जन्मलीच नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याने एक आठवडा माझ्या तयारीच्या खोलीत येऊन बसावं.

घरी भीती कर्जाची होती. तेव्हा फी वर्षाला ९,२५० पौंड होती. गरीब मुलांना मिळणारं निर्वाह अनुदान २०१६ मध्ये इंग्लंडमधून गेलं, त्यामुळे खाण्या-राहण्याचा खर्चही कर्जातूनच. हे कर्ज पगार ठरावीक रकमेच्या वर गेल्यावरच फेडायचं असतं, सावकारी नव्हे, विद्यापीठाची मदतही असते, हे सगळं मी तिच्या आईला कागदावर लिहून समजावलं. ती ऐकत होती आणि बोटाने टेबलावरचं चहाचं वर्तुळ पुसत होती. ज्या घरात महिनाअखेरीला विजेच्या मीटरमध्ये पाच पौंड टाकायचे की दहा हा प्रश्न असतो, तिथे चाळीस-पन्नास हजारांचा आकडा कितीही समजावला तरी छातीवर बसतोच.

आजोबांनी मात्र एक गोष्ट सांगितली, ती मला आजही उभारी देते. १९०४ साली शेफिल्डमधल्या पोलाद कामगारांनी, खाणकामगारांनी, कारखान्यांतल्या बायाबापड्यांनी पेनी-पेनी जमवून ५० हजार पौंडांहून जास्त निधी उभा केला आणि पुढच्या वर्षी शेफिल्डचं विद्यापीठ झालं. "त्ये आमच्या पैशानं बांदलंय," असं ते म्हणतात, स्वतः दिल्यासारखं. मी त्यांना कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टीफंड सांगितला. दळायच्या आधी घरच्या बाईने एक मूठ धान्य वसतिगृहातल्या पोरांसाठी बाजूला काढायचं. माझी आजी काढायची. माझे वडील रयतच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले ते अशाच मुठींवर. म्हाताऱ्याने स्वतःची मूठ उघडून तळव्याकडे पाहिलं. खाणकामाने काळ्या पडलेल्या रेषा त्या तळव्यातून अजून गेलेल्या नाहीत.

आता जे सांगायचं आहे ते.

नोव्हेंबरात आम्ही तिच्या सराव मुलाखती घेत होतो. त्या दिवशी शिक्षक यायला वेळ होता, म्हणून मीच समोर बसले. तिने प्रयोग समजावायला सुरुवात केली: रंग बदलायला लागला तेव्हा आम्हाला वाटलं की... आणि दर वाक्याला 'इट वेअर', 'आय वेअर', 'वुई वॉज'. इथली बोली अशीच आहे, शेकडो वर्षांची. मी तिला थांबवलं. "वॉज," मी म्हणाले. ती पुढे गेली, पुन्हा 'इट वेअर'. मी पुन्हा म्हणाले, "वॉज." तिसऱ्यांदा ती स्वतःच अडखळली आणि माझ्याकडे बघितलं.

ती नजर मी ओळखली. त्यानंतर ती जे बोलली ते सगळं शुद्ध होतं आणि त्यात काहीच नव्हतं. प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून मग बाहेर सोडायचं. आधी तिच्या बोलण्यात ते द्रावण हलत होतं, रंग उतरत होता. आता नुसती वाक्यं.

मी १९८९ साली दादरजवळच्या एका कॉलेजात अकरावीला होते. मराठीच्या तासाला धडा मोठ्याने वाचायला मला उभं केलं आणि मी 'पानी' वाचलं. पुढच्या ओळीत 'व्हतं'. सगळा वर्ग हसला. शिकवणाऱ्याही हसल्या. "पाणी म्हण, पाणी," त्या म्हणाल्या, "जीभ वर लाव." मी म्हटलं. पुन्हा म्हणायला लावलं. मग कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "गिरणगाव." त्या दिवसापासून दहा-बारा वर्षं तरी न आणि ण तपासल्याशिवाय मी तोंडातून एक वाक्य काढलं नाही. मला रसायनशास्त्र उत्तम येत होतं, पण तोंडी परीक्षेत मी कमी बोलायचे. उत्तर अडत नसे. उत्तरात एखादा ण यायचा. मैत्रिणी चाळीत यायच्या तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. चहाचे कप पडद्यापर्यंत आणून माझ्या हातात द्यायची. मी तिला कधी बाहेर ये म्हटलं नाही.

आणि तीस वर्षांनी, सात हजार किलोमीटरांहून लांब येऊन, पुस्तकात शिकलेल्या इंग्रजीने, मी एका खाणकामगाराच्या नातीला 'वॉज' म्हणायला लावत होते.

मी तिला हे सगळं सांगितलं. माफी मागितली. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "ते दोन शब्द म्हणून दाखवा, मिस."

मी म्हटलं, पानी. मग म्हटलं, पाणी.

"पुन्हा."

पानी. पाणी.

तिने डोळे मिटले. कान टवकारले. "पानी," ती म्हणाली, आणि मग, "पानी." दोन्ही वेळा तोच न. तिने पुन्हा प्रयत्न केला, जीभ टाळूला लावून पाहिली, ओठांचा चंबू झाला. शेवटी डोळे उघडून म्हणाली, "मला दोन्ही एकच ऐकू येतात. खरंच. यात काय फरक आहे? यावरून ते हसले?"

मी तिला काय सांगणार होते? ज्या फरकापायी माझी तरुणपणाची वर्षं गेली, तो इथल्या माणसाला ऐकूसुद्धा येत नव्हता. आणि 'वॉज' आणि 'वेअर' मधला फरक माझ्या आजीला कळला नसता. दोन्ही वेळा पाण्यात काहीच बदलत नाही. त्या दुपारी आम्ही दोघी बराच वेळ गप्प बसलो, आणि मग ती उठून ब्युरेट धुवायला लागली.

मुलाखतीत कसं बोलायचं हे मी पुन्हा तिला शिकवलं नाही. एवढंच म्हटलं, जे दिसतंय ते सांग.

इथल्या आमच्या मराठी मंडळींबद्दलही बोलायला हवं. गणपतीला आम्ही जमतो. डॉक्टर आहेत, आयटीतले आहेत, मायेची माणसं आहेत, माझ्या आजारपणात याच लोकांनी डबे पोचवले. पण गप्पा मुलांच्या शाळेवर आल्या की सूर बदलतो. इंग्लंडमध्ये आता १६३ ग्रामर शाळा उरल्या आहेत, अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या. त्या भागात घर मिळावं म्हणून धडपड, परीक्षेसाठी आठव्या-नवव्या वर्षापासून शिकवणी. हे समजू शकते, आपण शिक्षणावरच इथवर आलो. पण त्याच ताटावर बसून 'ते काउन्सिल हाऊसवाले', 'ते भत्त्यावर जगतात', 'त्यांच्या पोरांची भाषा आपल्या पोरांना लागते' हे ऐकलं की माझा घास अडतो. हे शब्द आपण बोटीतून आणलेले नाहीत असं कुणी म्हणू नये. चाळीबद्दल, वस्तीबद्दल, हेच बोललं जायचं, फक्त तेव्हा आम्ही पडद्याच्या आत होतो.

ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात नऊ गोष्टी संरक्षित आहेत: वय, अपंगत्व, वंश, धर्म, लिंग वगैरे. सामाजिक वर्ग त्यात नाही. आपल्या जातीचा मुद्दा २०१३ मध्ये संसदेत त्या कायद्याच्या दारापर्यंत आला होता. २०१८ मध्ये सरकारने तो लेखी घालायचं नाकारलं. म्हणजे कुणाच्या रंगावरून शेरा मारला तर दाद मागता येते, आणि मागता यायलाच हवी. उच्चारावरून मारला तर मुलीने घरी जाऊन आरशापुढे उभं राहून तोंड बदलायचं.

डिसेंबरात ती मुलाखतीला गेली. तीन गाड्या बदलून, मावशीचा कोट घालून. आदल्या रात्री तिने दोनदा केस धुतले होते. तिथे दोन रात्री राहायला खोली दिली होती, जेवण होतं, वागणूक चांगली होती, हे तिने आवर्जून सांगितलं. जेवणाच्या लांब टेबलावर शेजारच्या उमेदवार मुलाने तिला विचारलं, तू कुठल्या शाळेची? तिने नाव सांगितलं. त्याने हसून, अगदी सभ्यपणे, म्हटलं, "किती गोड बोलतेस, पुन्हा एकदा 'बॅथ' म्हण ना." दक्षिणेत 'बाथ', उत्तरेत 'बॅथ'. ती म्हणाली. आजूबाजूचे हसले. त्या मुलाच्या मनात वाईट काही नसेलही. पण त्या रात्री ती उरलेल्या जेवणात बोलली नाही आणि गोड न खाता उठली.

दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ का टाकतात? इथे तिचा चेहरा फुलला असणार, मी तो न पाहताही सांगू शकते. तिचा मामा थंडीत काउन्सिलचा मीठ पसरणारा ट्रक चालवतो. रात्री दोनला निघतो. लहानपणी ती एकदा त्याच्या शेजारी बसून गेली होती. तिने सांगितलं, मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. पण थंडी फार पडली की मामा वैतागतो, कारण मीठ टाकूनही बर्फ हलत नाही. आणि उणे २१ च्या खाली तर मिठाचं पाणीसुद्धा गोठतं. का, ते तिने कागदावर आलेख काढून दाखवलं. 'इट वेअर' म्हणालीस का, असं मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, "मी विसरूनच गेले मिस, कसं बोलतेय ते."

जानेवारीत पत्र आलं. दोन ए-स्टार, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी, आणि एक ए मिळाला तर जागा तिची.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, परीक्षा रद्द. दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात उभं राहून टाळ्या वाजवायचे. नर्सेससाठी, तिच्या आईसारख्या केअर वर्करसाठी. आई त्या वेळी बहुतेक कुणाच्या तरी घरी म्हाताऱ्याला झोपवत असायची.

परीक्षेऐवजी शिक्षकांनी प्रत्येकाला श्रेणी द्यायची आणि वर्गातल्या मुलांना गुणवत्तेनुसार क्रमाने लावायचं, असं ठरलं. मग एक गणिती सूत्र ते आकडे घेणार आणि त्या कॉलेजचे २०१७ ते २०१९ चे निकाल बघून श्रेणी वरखाली करणार. म्हणजे तुमच्या आधीच्या तीन वर्षांत तुमच्या बाकावरून कुणी ए-स्टार नेला नसेल, तर तुम्हालाही तो मिळणं जवळपास अशक्य. ज्या वर्गात पाचपर्यंतच मुलं, तिथे शिक्षकांनी दिलेली श्रेणी तशीच कायम. असे चिमुकले वर्ग कुठे असतात, हे सांगायला नको. १३ ऑगस्टला निकाल लागला. इंग्लंडमध्ये शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे ३९ टक्के खाली आणल्या गेल्या. ए आणि त्यावरच्या श्रेणी खासगी शाळांत ४.७ टक्के अंकांनी वाढल्या, आमच्यासारख्या कॉलेजांत ०.३ ने.

तिला एक ए-स्टार, एक ए आणि एक बी आला. रसायनशास्त्रात, जिथे ती वर्गात पहिल्या क्रमांकावर लावलेली होती, तिथे ए.

ती कॉलेजच्या फाटकाबाहेर मास्क लावून उभी होती. आम्हाला जवळ जाता येत नव्हतं. मी दोन मीटरवर उभी. ती रडली नाही. म्हणाली, "मिस, त्यांनी मला नाही बघितलं. त्यांनी माझ्याआधी इथे कोण बसलं होतं ते बघितलं."

त्यानंतर कितीतरी जणांनी कितीतरी लिहिलं, पण मला त्या सूत्राचं याहून अचूक वर्णन कुठे सापडलं नाही. आणि फक्त त्या सूत्राचंच नाही. तिची सगळी सतरा-अठरा वर्षं लोक तेच तर करत होते.

लंडनमध्ये मुलं रस्त्यावर आली. चार दिवसांनी, १७ ऑगस्टला, सरकारने माघार घेतली आणि शिक्षकांच्या श्रेणी परत दिल्या. तिचे तीन ए-स्टार तिला मिळाले. पण तोवर त्या वर्षीच्या जागा भरल्या होत्या. पुढच्या वर्षी ये, असं तिला कळवण्यात आलं. ते वर्ष तिने जुन्या खाणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या एका गोदामात रात्रपाळीत खोकी भरत काढलं. शिदोरीला तोच डबा. आजोबा म्हणाले, "माज्या कामाच्या जागंच्या वरच हुबी हाय ती." दिवसा तिला झोप यायची नाही, तेव्हा ती कार्डं काढून बसायची, सगळं विसरून जाईन म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्या घरी गेले होते. तिची पदवी झाली आहे, पुढे संशोधन करते आहे. तिची इंग्रजी बदलली. थोडी. आई-आजोबांशी 'वेअर', बाहेर 'वॉज', आणि हे बदलताना तिला आता विचार करावा लागत नाही. मला ते बघून आनंद झाला की वाईट वाटलं, हे माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

आजोबा आता थकले आहेत. ओट्याशी उभे राहून ते चहा करत होते आणि त्यांचं बोलणं चालू होतं, शेजारच्या कुत्र्याविषयी काहीतरी. तेवढ्यात तिचा फोन वाजला. विद्यापीठातून कुणीतरी, कामाचं. ती बोलायला लागली, त्या दुसऱ्या आवाजात. आणि आजोबा गप्प झाले. वाक्याच्या मधेच. कपात चमचा ढवळत होते तो त्यांनी अलगद बाहेर काढला आणि हातातच धरून ठेवला, वाजू नये म्हणून.

मला आमच्या चाळीतला पडदा दिसला, त्यामागून पुढे आलेला हात दिसला.

तिनेही पाहिलं. फोन कानाला तसाच ठेवून ती म्हणाली, "एक मिनिट थांबाल? मी ग्रँडॅड बोलतोय."

'मी' म्हणाली, 'माय' नव्हे.

ते काहीच बोलत नव्हते. तिने भुवया उंचावून त्यांच्याकडे बघितलं, वाट बघत. चमचा हातात धरून ते क्षणभर तसेच उभे राहिले. मग घसा साफ केला आणि मोठ्याने, पार फोनच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "दूद घालू का गं?"